खिजड्याचे वळण

दर काही महिन्यांनी एक जुना व्हिडिओ माझ्या फोनवर परत येतो. पाठवणारे वेगवेगळे असतात, खालची ओळ साधारण तीच असते: बडोद्याजवळचा भुताटकीचा रस्ता, कमजोर हृदयाच्या लोकांनी पाहू नये. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा आहे. भर दुपारचा डांबरी रस्ता, कडेला झाड, झाडाखाली दगडी ओटा. डावीकडून एक म्हातारा हात चौकटीत येतो, रस्त्याच्या मधोमध एक लिंबू ठेवतो आणि मागे जातो. लिंबू क्षणभर स्थिर राहते. मग आपोआप चालू लागते, झाडापासून दूर, पलीकडच्या चराकडे. कोणीतरी तरुण आवाजात "ओ बापरे, जो, जो, जो!", म्हणजे बघ, बघ, असे ओरडतो आणि चित्र हलते.

तो हात श्रीपतराव मोहिते यांचा आहे. लिंबू त्यांच्या पत्नीने ऊन लागू नये म्हणून खिशात घालून दिले होते. मोहिते त्या दिवशी रस्त्याचा उतार दाखवत होते.

त्यांची माझी ओळख माझ्याच एका बातमीमुळे झाली. मी तेव्हा बडोद्यातल्या एका गुजराती दैनिकात जिल्ह्याच्या पानावर होतो. छाणीच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत गेले की वेलपुरा नावाचे गाव लागते. त्याच्या अलीकडे एका वळणावर वाहने चरात जातात आणि लोक म्हणतात की खिजड्यातला मामा धक्का देतो, एवढीच ती बातमी होती. आपण ज्याला शमी म्हणतो त्याला गुजरातेत खिजडो म्हणतात. त्या झाडात राहणाऱ्या भुताचे नाव घेत नाहीत, त्याला मामा म्हणतात. आपण भाचे झालो की मामा त्रास देत नाही. मामाला विडी-सिगारेट आवडते. ती पेटवून ओट्यावर ठेवायची असते. पानावर एक चौकट रिकामी होती, ती मी या मजकुराने भरली. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिले होते, म्हणजे आमच्यावर काही येऊ नये.

तिसऱ्या दिवशी मोहिते कात्रण घेऊन कचेरीत आले. वय साठीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेने आणि एक लिंबू, हातात कापडी पिशवी. टेबलावर कात्रण ठेवून त्यांनी मराठीत विचारले, "ही तुमची?"

"हो."

"'गावाच्या थोडं अलीकडे' असं लिहिलंय. थोडं म्हणजे किती मीटर?"

मला माहीत नव्हते.

"झाड गावाकडे जाताना डाव्या हाताला की उजव्या?"

तेही माहीत नव्हते.

"गेला होतात तिथं?"

"नाही. फोनवर घेतली."

ते रागावले नाहीत. त्यांनी कात्रणाची घडी पूर्वीच्याच रेषांवर घातली आणि म्हणाले, "मग उद्या जाऊ ने आपण. माझ्याकडे स्कूटर आहे."

बडोद्याच्या मराठीला वाक्याच्या टोकाला हा 'ने' लागतो. मोहित्यांच्या तोंडी तो विनंतीसारखा ऐकू यायचा, पण नकाराला जागा ठेवायचा नाही.

ते रस्त्यांच्या खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते आणि सुभानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहत होते. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत पूर्वजांचा विषय निघाला की एखादा सरदार किंवा निदान शिलेदार तरी निघतो. मोहित्यांच्या भाऊबंदांतही तसेच सांगितले जायचे. मोहिते मध्येच बोलणाऱ्याला थांबवत. "आमचे पणजोबा नालबंद होते. घोड्यावर बसायचे नाहीत, घोड्याचा पाय धरायचे." एकदा चुलतभाऊ चिडून म्हणाला, "अरे, पाहुण्यांसमोर तरी घोड्यावर बसू दे त्यांना!" मोहिते म्हणाले, "पडतील."

त्यांच्या पिशवीत फीत, सुतळी, ओळंबा आणि पाण्याची बाटली असे. पाणी पिण्यासाठी नसे. "डोळा फसतो, पाणी फसत नाही," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकले की ते कधी येणार हे मला आधी कळू लागले. नव्या घरी बोलावले तर ते न्हाणीघरात जाऊन तांब्याभर पाणी ओतत आणि मोरीकडे जाते की नाही ते बघून बाहेर येत. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू सांगत, "लग्नात यांना मुंडावळ्या बांधल्या, तर भटजींना म्हणाले डावी अर्धा इंच खाली आहे. मी अंतरपाटापलीकडं उभी. म्हटलं, झालं माझं."

"होतीच खाली," मोहिते म्हणत.

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला खोटे ठरवताना मी त्यांना कधी पाहिले नाही. कोणी सांगू लागला की ते नीट बसत, मध्ये बोलत नसत, आणि गोष्ट संपल्यावर तीन प्रश्न विचारत. कुठून कुठे निघाला होता? वेग किती होता? धक्का कुठल्या अंगाला लागला? उत्तरे ते वहीच्या पानावर लिहीत, शेजारी लहानसे चित्र काढत. मी एकदा म्हणालो, या लोकांच्या थापा कशाला लिहून घेता. ते म्हणाले, "थाप कशी? माणूस पडला ने? हात मोडला ने? का पडला ते त्याला कळलं नाही म्हणून त्यानं मामाचं नाव घेतलं. एवढंच."

त्या पहिल्या दिवशी आम्ही फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे भरत नावाचा टेम्पोवाला भेटला. त्याचा टेम्पो आदल्या महिन्यात चरात गेला होता आणि हात अजून गळ्यात होता.

"कोणी आडवं आलं का?" मोहित्यांनी विचारले.

"ना रे साहेब. कोई नहोतुं," भरत म्हणाला. "धक्को मार्यो. झाडनी बाजूथी. जाणे कोई ए खभेथी धकेल्यो." झाडाच्या बाजूने कोणीतरी खांद्याने ढकलावे तसे, असे त्याने स्वतःचा धडका खांदा माझ्या खांद्यावर मारून दाखवले. चहा सांडला.

"येताना की जाताना?"

"बंने बाजू. मामाला काय, येणारा आणि जाणारा सारखाच."

मोहित्यांनी हे लिहिले नाही. पेन त्यांनी खिशात परत ठेवले. मग म्हणाले, "चला."

वळण टपरीपासून दिसत नाही. रस्ता सरळ येतो, झाडापाशी आल्यावर झाडाला डावलून एक अर्धवर्तुळ घेतो आणि पुन्हा सरळ होतो. झाड वळणाच्या आतल्या बाजूला, चर बाहेरच्या बाजूला. दूर कोयलीकडच्या रिफायनरीच्या चिमणीची ज्योत दिवसासुद्धा दिसत होती. ओट्यापाशी एक म्हातारी झाडत होती. तिने केर काढला, दिव्यात तेल घातले, काडी ओढली, आणि दिवा लावता लावता झाडाकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाली, "ले, मारा रोया, खा. मारो छोकरो खाधो, हवे तेल खा."

घे मेल्या, खा. माझा मुलगा खाल्लास, आता तेल खा. ती जीवीबा. तिचा रमण याच वळणावर मोटरसायकलसकट चरात गेला होता, दुपारी बारा वाजता, भाकरी खायला घरी येताना. तेव्हापासून ती रोज मामाचा दिवा लावते आणि रोज त्याला शिव्या देते, असे भरतने आम्हाला सांगितले. दिवा नाही लावला तर मामा आणखी कुणाला नेईल, आणि शिव्या दिल्या नाहीत तर तिला राहवत नाही.

मोहिते रस्त्याच्या मधोमध उकिडवे बसले आणि त्यांनी बाटलीतले पाणी ओतले. पाणी झाडाकडे गेले नाही. एका लांब जिभेसारखे ते बाहेरच्या बाजूला, चराकडे धावले. ते पाणी कडेवरून खाली जाईपर्यंत त्यांनी पाहिले. मग ते उठून सावलीत आले आणि मला म्हणाले, "हा रस्ता मी केलाय."

पुढचे त्यांनी खालच्या आवाजात, साहेबाला तोंडी अहवाल द्यावा तसे सांगितले. ते तिशीत असताना इथे बैलगाडीची वाट होती. पक्का रस्ता करायचा ठरला तेव्हा खिजडा बरोबर रेषेत आला. कुऱ्हाड चालवायला एकही मजूर तयार होईना. साहेब लांब, पावसाळा तोंडावर. मोहित्यांनी स्वतःच्या अधिकारात चुन्याची रेष वळवली आणि झाड वाचवले. मग मजुरांपैकी एकाने हात जोडून सांगितले, की साहेब, पाणी मामाच्या ओट्यात साचता कामा नये. म्हणून त्यांनी रस्त्याला झाडापासून दूर जाणारा उतार दिला.

"वळणावर बाहेरची कड उंच ठेवतात," ते म्हणाले. "गाडी आत रेलते, आणि टिकते. इथं बाहेरची कड खाली आहे. गाडी वळणावर आली की तिला बाहेर फेकतो तो उतार. बैलगाडीला काही होत नव्हतं. माझी बदली झाली, मग इथं कारखाने आले, डंपर आले, मोटरसायकली आल्या. मी परत या बाजूला आलोच नाही." मग म्हणाले, "धक्का खरा आहे. भरत खरं बोलतोय. फक्त मारणारा मामा नाही."

जीवीबा ओट्यापलीकडे केरसुणी आपटत होती. मोहित्यांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि मग परतेपर्यंत पाहिले नाही.

ती दुपार त्यांनी पुढे कधी सोडली नाही. हे वळण सरळ व्हावे आणि तिथे आणखी कोणी मरू नये, एवढेच त्यांना हवे होते. त्यांनी खात्याला अर्ज केले. अर्जात चूक कोणाची ते पहिल्याच ओळीत लिहिलेले असे: सदर वळण मी स्वतः आखलेले असून त्याचा उतार सदोष आहे. कचेरीतली तरुण मंडळी त्यांना खुर्ची देत, चहा देत, काका म्हणत. उत्तर येई की मागणी विचाराधीन आहे. एका वर्षी नवे डांबर पडले, पण ते जुन्याच उतारावर. 'धीरे चालो' अशी पाटी लागली. म्हशींनी अंग घासून ती आडवी केली.

लिंबाची गोष्ट याच काळातली. शहरातून दोन कॉलेजकुमार भुताचा व्हिडिओ करायला आले होते. मोहिते तिथेच होते. मुलांना खरे काय ते कळावे म्हणून त्यांनी उतार दाखवायचा ठरवला; बाटली त्या दिवशी रिकामी होती, म्हणून खिशातले लिंबू काढले. रस्त्यावर ठेवले तर ते घरंगळेल, मुलांना उतार दिसेल, असा त्यांचा हिशोब. लिंबू, भर दुपार, खिजड्याचे झाड आणि एक म्हातारा हात, या चार गोष्टी एकत्र आल्यावर लोकांना काय दिसेल हे त्यांच्या लक्षात आले नाही. ओव्हरसियरला लिंबू म्हणजे गोल वस्तू.

मुलांनी पुढचे स्पष्टीकरण कापून टाकले होते. कुसुमकाकूंनी फोनवर व्हिडिओ दाखवला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. मोहित्यांनी तो तीनदा पाहिला.

"इतका स्वच्छ उतार दिसतोय," ते म्हणाले, "आणि कुणालाच दिसत नाही?"

"तुम्हाला मांत्रिक म्हणून आमंत्रणं येतील आता," काकू म्हणाल्या. "जाताना लिंबं विकत घ्या. माझी संपवू नका."

पुढच्या रविवारी वळणावर बघ्यांची गर्दी झाली. मोहिते सकाळपासून ओट्यापाशी बसले होते. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या आवाजात एक वेगळी गोष्ट होती. "आज एकही गाडी वेगात गेली नाही," ते म्हणाले. "भूत बघायला येणारा हळू येतो."

दुसऱ्या दिवशी ते फाट्यावरच्या टपरीवर गेले आणि भरतला त्यांनी गुजरातीत एकच गोष्ट सांगितली. मामाने उतावळ नथी गमती. नीचे उतरीने एक बीडी मूकी दो, पछी धक्को नहीं मारे. मामाला घाई आवडत नाही. खाली उतरून एक विडी ठेवली तर तो धक्का देत नाही. हे त्यांनी एका माणसाला, एकदाच सांगितले. पुन्हा कधी कोणाला सांगितले नाही.

तीन आठवड्यांनी छाणीतल्या एका गॅरेजात मेकॅनिकने मला तीच गोष्ट सांगितली. तिला तोवर हातपाय फुटले होते. मामा एका लष्करी माणसाच्या स्वप्नात आला होता. विडी न ठेवणाऱ्याचे इंजिन तिथेच बंद पडत होते. वर्षभरात त्या वळणावर थांबल्याशिवाय वाहन जाईना. डंपर थांबत, मोटरसायकली थांबत. एसटीचा ड्रायव्हर बस उभी करून खाली उतरे आणि प्रवासी हात जोडत. विडी न ओढणारे झाडाला हात लावून पुन्हा चढत. थांबलेले वाहन पुन्हा निघते तेव्हा त्याला वेग नसतो, आणि वेग नसला की उतार काही करू शकत नाही. मी जिल्ह्याच्या पानावर होतो तोवर त्या वळणाची बातमी पुन्हा आली नाही. वर्तमानपत्रात न आलेली बातमी कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या लक्षात राहिली आहे.

मी त्यांना म्हणालो होतो, "तुम्ही खोटं बोललात."

"हो," ते म्हणाले. "आयुष्यात एकदा माप चुकवलं, एकदा खोटं बोललो. दोन्ही एकाच जागी." मग म्हणाले, "छापायचं असेल तर छापा. खरं आहे. फक्त छापण्याआधी रस्ता सरळ करून द्या."

मी छापले नाही. खरी बातमी जाणूनबुजून दाबण्याची माझ्या नोकरीतली ती एकच वेळ.

अशी अकरा वर्षे गेली. मग खात्याने त्या रस्त्याचे रुंदीकरण मंजूर केले. वळण जाणार होते, रस्ता सरळ होणार होता, म्हणजे खिजडाही जाणार होता. गावाने नाही म्हटले. मामा कोणाला मारत नाही, सगळ्यांना सांभाळतो, त्याला हलवायचा नाही. यंत्र आले तर ते चालवणारा स्वतःच वळणावर थांबला, उतरला, विडी ठेवली, आणि यंत्र मागे फिरवून घेऊन गेला. मोहित्यांनी पसरवलेली गोष्ट आता मोहित्यांच्याच रस्त्यात उभी होती.

त्यांनी ठरवायला एक रात्र घेतली. सकाळी गावच्या चौकात सभा होती. निघताना काकू म्हणाल्या, "सांगा जाऊन सगळं. पण चपला घट्ट घाला. पळावं लागलं तर."

सभेत खात्याची एक तरुण इंजिनियर बेन, म्हणजे बाई, नकाशा उलगडून बसली होती आणि कोणी तिच्याकडे पाहत नव्हते. मोहिते उभे राहिले. त्यांनी गुजरातीत सांगितले की वळण माझे आहे, उतार माझा आहे, इतकी वर्षे गाड्या त्या उताराने फेकल्या, आणि विडीची गोष्टही माझीच आहे. मी ती भरतला टपरीवर सांगितली. भरत मागे उभा होता.

मग एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "काकामां मामा बोले छे." काकांच्या अंगात मामा आला आहे. पाठोपाठ दहा-बारा जणांनी हात जोडले.

"माझ्या अंगात कोणी आलेलं नाही," मोहिते म्हणाले. "मी ओव्हरसियर आहे."

हात सुटले नाहीत. मी सभागृहे, न्यायालये, पत्रकार परिषदा पाहिल्या आहेत. खोटे बोलणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात हे नेहमीचे आहे. आपले खोटे परत घ्यायला आलेला माणूस आणि ते त्याला परत न देणारे लोक, हे मी तिथे एकदाच पाहिले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने जीवीबा उठली. ती आता खूप वाकली होती. मोहित्यांपासून हातभर अंतरावर येऊन तिने विचारले, "मारा रमणने कोणे मार्यो?" माझ्या रमणला कोणी मारले?

"मी," मोहिते म्हणाले. "माझ्या उतारानं."

"मामाए नहीं?"

"नाही, बा. मामानं काही केलं नाही."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. इंजिनियर बेनने नकाशावरचा हात काढून घेतला. मला वाटले म्हातारी त्यांच्या तोंडात मारेल, आणि मोहित्यांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"एटलां वरस में एने गाळो दीधी," ती म्हणाली. इतकी वर्षे मी त्याला शिव्या दिल्या. रोज दिल्या, दिवा लावताना दिल्या, आणि त्याने एकदाही उलटून उत्तर दिले नाही. मग तिने मोहित्यांच्या छातीवर बोट ठेवले. "मला काय सांगतोस, भाई? त्याला सांग. पाप तारुं, ने नाम एनुं. तू त्याला उचल. तू आण. माझ्या शेताच्या कडेला जागा देते मी. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बपोरे, बार वागे." पाप तुझे आणि नाव त्याचे, म्हणाली; आणि उचलायचे दुपारी बाराला. रमणची वेळ.

त्यावर गावाने हरकत घेतली नाही. जिचा मुलगा गेला तिने निवाडा केला होता.

पुढच्या सोमवारी मोहिते आले ते गोडेतेलाचा एक जुना डबा घेऊन. त्यात खिजड्याचे गुडघ्याएवढे रोप होते. याच झाडाच्या शेंगांतल्या बिया त्यांनी काही वर्षांपूर्वी सुभानपुऱ्याच्या गॅलरीत रुजवल्या होत्या. का, असे विचारल्यावर म्हणाले, "कधी ना कधी हलवावं लागणारच होतं ने."

उन्हाळ्याचे दिवस होते. बारा वाजता त्यांनी चपला काढल्या, आणि मला काकूंचे वाक्य आठवले. जीवीबाने ओट्यावरचा दिवा त्यांच्या उजव्या हातात दिला. डाव्या हाताने त्यांनी डबा छातीशी धरला. वय पंचाहत्तरच्या आसपास. डांबर मऊ झाले होते. झाडासमोर उभे राहून ते काही बोलले. ते मला ऐकू आले नाही आणि मी विचारले नाही. मग ते चालू लागले.

मागे सगळे गाव चालत होते आणि चपलांचाही आवाज नव्हता, कारण लोकांनी चपला रस्त्याकडेला काढल्या होत्या. मोहित्यांचे ओठ हलत होते. पाऊल एका लांबीचे पडत होते, घाई नाही आणि थांबणे नाही. माझ्या शेजारचा एक माणूस कुजबुजला, "कयो मंत्र छे?" मी माहीत नाही म्हणालो. मी त्यांच्या दोन पावले मागे होतो आणि मला स्पष्ट ऐकू येत होते. ते मराठीत पावले मोजत होते. त्यांचे पाऊल अडीच फुटांचे होते, ते त्यांना माहीत होते. हद्दीच्या दगडापाशी जीवीबाचे शेत सुरू झाले. लोक थांबले. मोहिते थांबले नाहीत. त्यांनी आणखी तीस पावले टाकली आणि मग खाली बसून डबा जमिनीवर ठेवला.

"इतक्या आत कशाला?" इंजिनियर बेनने मला हळूच विचारले.

मी मोहित्यांना विचारले. ते धापा टाकत होते. "पुढच्या रुंदीकरणात पुन्हा हलवायला लागू नये," ते म्हणाले.

इतका वेळ दिवा विझला नव्हता. त्या दिवशी वारा पडला होता, हे मी नोंदवून ठेवतो. त्यांच्या तळपायांना मोठे फोड आले होते. काकूंनी पुढचे आठ दिवस त्यांना पलंगावरून उतरू दिले नाही. "पळायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "पण चपला घालून."

ते गेले तेव्हा मी परगावी होतो. त्याआधी काही महिने, हिवाळ्यातल्या एका सकाळी, मी त्यांना शेवटचे पाहिले. त्यांना नवा रस्ता बघायचा होता. स्कूटर आता चालवता येत नव्हती, म्हणून आम्ही रिक्षा केली.

वळण नव्हते, खिजडाही नव्हता. जिथे ते होते तिथून रस्ता सुतळी ताणल्यासारखा गावापर्यंत गेला होता. मोहित्यांनी मला बाटली दिली. त्यांना उकिडवे बसता येत नव्हते. मी रस्त्याच्या मध्यावर पाणी ओतले. ते जरा थांबले, मग दोन्ही बाजूंना सारखे उतरू लागले. मोहिते काठीवर वाकून पाहत होते.

"बरोबर," ते म्हणाले.

मग आम्ही शेताच्या कडेला गेलो. रोप कमरेपर्यंत आले होते. गावाने नवा ओटा बांधला होता. जीवीबा दिवा लावत होती. ती काही बोलत नव्हती. लावून झाल्यावर तिने ओट्यावर हात फिरवला आणि बाजूला सरकून मोहित्यांना जागा केली.

त्यांनी खिशात हात घातला. मला वाटले लिंबू निघेल. त्यांनी एक सिगारेट काढली. आयुष्यात त्यांनी कधी ओढली नव्हती. पेन धरावे तशी ती बोटांत धरून पेटवायला त्यांना चार काड्या लागल्या. मी म्हणालो, "तुम्ही तर मानत नाही."

"मानायचा प्रश्न नाही," मोहिते म्हणाले. "अकरा वर्षं माझी ड्यूटी त्यानं केली."

त्यांनी सिगारेट ओट्यावर आडवी ठेवली, हात मागे घेतला आणि थांबून पाहत राहिले. ती जागची हलली नाही.